गल्लीत कुणी हाकच मारत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पत्र लिहिणाऱ्या बाई एकसष्ट वर्षांच्या. लग्न झाल्यापासून गिरगावातल्या एका चाळीत, १८० फुटांच्या खोलीत संसार झाला. दीड वर्षापूर्वी चाळ पुनर्विकासाला गेली आणि बिल्डरकडून दरमहा भाडं सुरू झालं. यजमान बँकेतून निवृत्त. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात, खराडीला. त्यानं सहकारनगरच्या एका गल्लीत जुन्या बंगल्याचा तळमजला आईवडिलांसाठी भाड्यानं बघून दिला. पुढं अंगण, मागं आंबा, हवा चांगली. पण "दुपारी फ्रिज बंद झाला तरी ऐकू येतो, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही," असं त्या लिहितात. "इथली माणसं माणूसघाणी आहेत. शेजारी अळूवड्या नेल्या, तर बाईंनी जाळीच्या दारातूनच घेतल्या, आत या म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ताटलीत साखर घालून कामवाल्या मावशींच्या हाती परत पाठवली. स्वतः यायला काय झालं होतं? आमचे हे मात्र खूश आहेत. पेपर, पुस्तकं, झाडांना पाणी. दूध आणायला गेले की तासभर येत नाहीत." मुलाचं म्हणणं, गिरगावच्या नव्या फ्लॅटचा हक्क विकून टाकू आणि पुण्यातच कायमचं घर घेऊ. बाईंचा प्रश्न असा, की मुलाचं ऐकावं की सगळ्यांशी भांडून परत जावं? शेवटी त्या म्हणतात, "एवढ्या चांगल्या वस्तीत राहून मला रडू येतं, हे कुणाला सांगायचीही लाज वाटते."

ताई,

आधी ती लाज बाजूला ठेवा. अंगण आणि आंबा मिळाला म्हणजे बाईमाणसानं गप्प बसावं असा काही नियम नाही. आयुष्यभर ज्या गजबजाटात कान तयार झाले, तो एका टेम्पोच्या फेरीत सुटला. त्याचं वाईट वाटणारच. मुंबईतल्या नातेवाइकांनी "मजा आहे बुवा तुमची" म्हटलं की तुम्ही हसून वेळ मारून नेत असणार, हेही मला दिसतंय. ते बंद करा. निदान एकीला तरी खरं सांगा.

आता माणूसघाणेपणाबद्दल. इथं मी तुमच्याशी थोडी वाद घालणार आहे.

चाळीत तुम्ही शेजार जोडायला काय केलं होतंत, आठवून बघा. बहुतेक काहीच नाही. पाण्याची वेळ ठरलेली, नळ सगळ्यांचा, संडास गॅलरीच्या टोकाला. म्हणजे दिवसातून चार वेळा आठ दारांवरून जाणं आलंच. दारं उघडी, कारण बंद केली तर खोलीत हवा नाही. ओलं फडकं कठड्यावर टाकायला बाहेर आलं तरी कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचं पोर नापास झालं, कुणाकडे बोंबील तळतायत, सगळं कळायचं. ओळख करून घ्यायची गरजच नव्हती, इमारतच ती करून देत होती. सोयी नसल्यामुळे सहवास होता, असं म्हटलं तर तुम्हाला राग येईल, पण बऱ्याच अंशी खरं आहे.

बंगल्याच्या गल्लीत हे सगळं कुंपणाच्या आत असतं. नळ आत, दोरी आत, तुळस आत, गाडीसुद्धा आत. बाहेर यायला कारणच उरत नाही. त्याच गॅलरीतली तुमची मैत्रीण उद्या इथं राहायला आली, तर सहा महिन्यांत तीही तुम्हाला शिष्ट वाटू लागेल.

तुमच्या गल्लीचा इतिहास तुम्हाला कुणी सांगितला आहे का? १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. वाडे पडले. त्यानंतर पूरग्रस्तांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या त्या गावाच्या तेव्हाच्या वेशीबाहेर, गोखलेनगरकडे, पर्वतीच्या आसपास आणि तुमच्या सहकारनगरातही. सगळं सहकारनगर पूरग्रस्तांचं नाही, पण तुमच्या वस्तीत अशी घरं भरपूर आहेत. आणि ही माणसं आली कुठून? वाड्यांतून. एका चौकाभोवती दहा-बारा बिऱ्हाडं, एक हौद, एक संडास, माडीवरून खाली मारलेल्या हाका. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आज पंचाहत्तरीच्या आसपास असेल. तुम्ही दीड वर्षापूर्वी जे सोडलंत, ते तिच्याकडून एका दिवसात गेलं. तिच्या आईला या माळावर पहिल्या रात्री झोप लागली असेल असं तुम्हाला वाटतं?

मग या गल्ल्यांमध्येही पोरं झाली, क्रिकेट झालं, काचा फुटल्या, सार्वजनिक गणपती झाले. आज शांतता आहे त्याचं मोठं कारण साधं आहे. पोरं मोठी होऊन गेली. कुणाची कोथरूड-बाणेरला, कुणाची अमेरिकेत. चार खोल्यांच्या घरात एक किंवा दोन म्हातारी माणसं उरली. ज्याला तुम्ही निवांत वस्तीचा रुबाब समजताय, त्यातला बराचसा भाग निव्वळ रिकामपणा आहे.

आता ती ताटली. शेजारच्या बाईंचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. त्या चालताना कशा चालतात, घरात आणखी कोण असतं, हेही नाही. जाळीच्या दारातून ताटली घेणारी बाई उद्धट असू शकते. तिचे गुडघे गेलेले असू शकतात, आतला पसारा दाखवायची तिला लाज वाटत असेल, नाहीतर घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल. या सगळ्यांत उद्धटपणाची शक्यता मला सगळ्यात कमी वाटते, कारण ताटली रिकामी आली नाही. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, ही वाड्यातली रीत आहे. चाळीतलीही तीच. फुकटच्या ओळखी टाळणारी माणसं साखर घालत बसत नाहीत, भांडं घासून फाटकावर ठेवतात. कामवाल्या मावशींबरोबर पाठवली याचा तुम्ही अपमान करून घेतलात. त्या घरात धडधाकट दोन पाय कदाचित त्या मावशींचेच असतील.

तिथं पुन्हा जा, पण या वेळी काही देऊ नका. मागायला जा. हा माझा आवडता उपाय आहे आणि जुन्या बंगल्यांच्या वस्तीत तो हमखास लागू पडतो. अंगणात कढीपत्ता असतो, जास्वंद असते, एखाद्याकडे बेल किंवा सोनचाफा. "पूजेला चार फुलं घेऊ का?" एवढंच विचारा. (न विचारता भल्या पहाटे फुलं तोडणाऱ्यांवर या गल्ल्यांचा फार राग असतो, तेव्हा विचारूनच.) दिलेल्या गोष्टीनं समोरच्यावर ओझं होतं, ताटली परत करायची चिंता लागते. मागितलेल्या गोष्टीनं समोरचीला देणारी व्हायला मिळतं. आणि जायच्या आधी फोन करा. चाळीत हे हास्यास्पद वाटलं असतं, पण इथं न सांगता बेल वाजली की दुपारी पडलेली माणसं दचकतात. नंबर नसेल तर मावशींकडून घ्या. कुणाकडे काय चाललंय, हे गल्लीतल्या कामवाल्या मावशींइतकं कुणाला ठाऊक नसतं. चाळीतल्या नळाचं काम इथं त्याच करतात.

यजमानांबद्दल तुम्ही लिहिलंय की ते खूश आहेत, त्यांना काही वाटतच नाही. आणि पुढच्याच ओळीत लिहिलंय की दूध आणायला गेले की तासभर येत नाहीत. ताई, अर्ध्या लिटरच्या पिशवीला तास लागत नाही. शांततेत मन रमलेला माणूस दूध घेऊन घरी येतो आणि पुस्तक उघडतो. त्यांनी आपल्यापुरता एक कठडा शोधलेला दिसतोय. तुम्हाला सांगितलं नाही, कदाचित त्यांनाही स्वतःशी नीट कबूल झालेलं नाही. मुलानं घर शोधलं, पैसे भरले, मग "करमत नाही" म्हणायचं कसं, हा संकोच त्यांनाही असणारच. कोण भेटतं तिथं, काय बोलता, हे सहज विचारा. जमलं तर एखाद्या सकाळी बरोबर जा.

झोपेचं वेगळं आहे आणि त्यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा अजिबात नाही. गिरगावात रात्रभर एक सलग गुंजारव असायचा, टॅक्सी, पंखा, खालच्या हॉटेलची भांडी. त्यात एखादं कुत्रं भुंकलं तरी वेगळं जाणवायचं नाही. इथं मागचा आवाजच नाहीसा झाल्यामुळे वाळकं पान पडलं तरी कान टवकारतात. म्हणून तो गुंजारव थोडा परत आणा. पंखा लावून ठेवा, रेडिओ अगदी बारीक चालू ठेवा. दुपारी विविध भारती मोठ्यानं लावली तरी चालेल. पण रडू येतंय, झोप नाही, याबरोबर जेवणही जात नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा मनाच्या आजारांसाठी सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. फोन करण्यात कमीपणा नाही.

दिवसाचं काय करायचं? मोठमोठे बेत आखू नका. एक वेळ ठरवा आणि एक रस्ता. शांत वस्तीत माणसं घड्याळावर चालतात. रोज सव्वासहाला तळजाईच्या टेकडीवर जाणारे रोज सव्वासहालाच जातात. तुम्ही आज सहाला, उद्या सातला गेलात तर रोज नवे चेहरे दिसतील आणि ओळख कुणाशीच होणार नाही. एकाच वेळी जात राहिलात तर पंधरवड्यात माना हलतात, महिन्याभरात "दोन दिवस दिसला नाहीत?" येतं. त्या टेकडीवर चालणाऱ्यांचे, व्यायाम करणाऱ्यांचे, नुसतं बसून राजकारण करणाऱ्यांचे गट आहेत. चढ नको असेल तर ज्येष्ठ नागरिक संघ बघा, पुण्यात जवळजवळ प्रत्येक भागात असतो. पहिल्या बैठकीला कंटाळा येईल. भाषणं असतात. तरी तीनदा जा, कारण मैत्री भाषणानंतरच्या चहाला होते. भजनी मंडळ, भिशी, वाचनालय यांतलं तुम्हाला काय मानवतं ते तुम्हीच जाणता. गिरगावकर आहात, गणपतीच्या आधी मखर करायला कुणीतरी हवंच असतं.

भाजीचंही सांगते. मोबाइलवरून भाजी मागवत असाल तर बंद करा. एक हातगाडीवाला धरा, त्याला रोज ठरलेल्या वेळी तुमच्या फाटकाशी थांबायला सांगा आणि घाई न करता निवडून घ्या. गाडी थांबली की समोरच्या येतात, पलीकडच्या येतात. पालकाची जुडी हातात घेऊन उभं राहिलं की बोलणं सुरू व्हायला दुसरं निमित्त लागत नाही. गल्लीत अशी एक जागा तयार झाली की ती टिकते. भाजीवाल्यालाही हे हवंच असतं.

शांत गल्लीची एक बाजू कुणी जाहिरातीत सांगत नाही. दुपारी दीड ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसतं, हे मंगळसूत्र खेचणाऱ्यालाही माहीत असतं. चाळीत अनोळखी माणूस जिना चढला की चार जणी "कोण पाहिजे?" विचारायच्या, इथं विचारणारं कुणी नाही. म्हणून गल्लीतल्या दहा-बारा घरांचे फोन नंबर एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. कोण एकटं राहतं, कुणाच्या घराची दुसरी किल्ली कुणाकडे, एवढं तरी एकमेकांना ठाऊक असू द्या. पोलीस चौकीत ज्येष्ठ म्हणून नाव नोंदवा, ११२ नंबर पाठ करा. ही यादी करायचं काम तुम्हीच अंगावर घ्या. त्या निमित्तानं प्रत्येक फाटकाशी जाता येईल आणि नवी आलेली बाई उगाच ओळख काढते असंही कुणाला वाटणार नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, तुमच्याजवळच्या अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीच्या भागात घरांत पाणी घुसलं, माणसं दगावली. अशा रात्री मुलगा खराडीहून पोचू शकत नाही. शेजारचं घर पोचतं. याद्यांची गोष्ट निघाली की जुनी मंडळी त्या रात्रीबद्दल आपोआप बोलू लागतील, बघा.

याच्या नेमकी उलट पत्रंही येतात, म्हणून त्या वाचकांसाठी मध्येच दोन ओळी. शांततेसाठी जादा भाडं मोजलं आणि समोर हॉल निघाला, नाहीतर शेजारचा बंगला पाडून सहा मजली काम सुरू झालं, असं ज्यांचं झालंय त्यांनी आवाजाचे २००० सालचे नियम माहीत करून घ्यावेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. त्या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर नाही, सरकार वर्षातल्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट देतं तेवढी सोडून. तक्रार जरूर करा. पण शेजाऱ्याशी पहिलं बोलणं हेच तक्रारीचं असेल तर पुढची दहा वर्षं जड जातात. आधी नाव विचारून ठेवलेलं बरं. आणि जुन्या बंगल्यांची शांतता कायमची समजून तिथं घर विकत घेऊ नका. प्लॉट मोठे आहेत, मालक थकलेत, एकामागून एक पुनर्विकासाला जाणार आहेत. ताई, हे तुमच्या मुलालाही वाचायला द्या. "आईबाबांसाठी शांत जागा" म्हणून तो आज जे विकत घेईल, तिथं वर्षभरात शेजारी ड्रिल चालू असू शकतं.

राहिला गिरगावचा प्रश्न. तुम्हाला परत जायचंय ते कुठं? चाळीत. ती पाडली गेली. तुम्हाला मिळणार आहे तो टॉवरमधला फ्लॅट. तुमच्या १८० फुटांच्या जागी मोठा, स्वतःचा संडास, स्वतःचा नळ, लिफ्ट, सेफ्टी डोअर. तिथं गॅलरी नाही. जुने शेजारी असतील, पण एक सातव्या मजल्यावर, एक चौदाव्यावर, काहींनी जागा भाड्यानं दिलेल्या आणि काही विकून विरारला गेलेले. माणसं तुमच्या ओळखीची असतील हा फार मोठा फरक आहे, तो मी कमी लेखत नाही. तरी दार वाजवायला तिथंही तुम्हालाच उठावं लागेल. मुंबई-पुणे वाद सोडून द्या. इथं जे शिकाल ते तिथं लागणारच आहे.

म्हणून मुलाचं आज ऐकू नका आणि भांडूही नका. त्याला सांगा की फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत मी कुठलाच निर्णय घेणार नाही. त्याआधी एकदा महिनाभर गिरगावात राहून या. नणंद, मैत्रीण, कुणाकडे तरी. पाहुणी म्हणून चार दिवस नकोत आणि गणपतीत तर मुळीच नको, तेव्हा सगळंच गोड वाटतं. ऑक्टोबरात जा, उकाड्यात. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडून, यजमानांना बरोबर घेऊन. तिथं स्वतः बाजार करा, स्वतः बँकेत जा, दुपारी कोण भेटतं बघा. तुमच्या वयाच्या किती जणी अजून तिथं आहेत, त्या दिवसभर काय करतात, दवाखान्यात जायची वेळ आली तर मुलाला पुण्याहून पोचायला किती तास लागतात, हे सगळं तिथं बसून दिसेल. महिनाभरानं तुम्हाला परत जावंसं वाटलं तर ते खरं धरा आणि मुलाला तसं ठणकावून सांगा.

नव्या इमारतीचा मेंटेनन्स किती येणार हे आत्ताच विचारून ठेवा. चाळीचं भाडं नावापुरतं होतं, टॉवरचा महिन्याचा खर्च हजारांत जातो आणि पेन्शनमधून तो कायमचा झेपतो का, हे कागदावर मांडून बघावं लागेल. जुन्या भाडेपावत्या कुणाच्या नावावर आहेत, पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत झालाय का, त्यात चटईक्षेत्र आणि ताब्याची मुदत काय लिहिलीय, हे बिल्डरशी संबंध नसलेल्या वकिलाला दाखवून घ्या. मूळ कागद घरात ठेवा, एक झेरॉक्स मुलाकडे. आणि तोवर हक्क सोडण्याच्या किंवा विकण्याच्या कुठल्याही कागदावर दोघांपैकी कुणीही सही करायची नाही, मुलानं कितीही घाई केली तरी.